जीपीयू प्रोग्रामिंगच्या वर्कशॉपमध्ये नक्की शिकायचं काय?

पुण्यात इंजिनिअरिंग किंवा एमएस्सी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक पोस्टर फिरतं, जीपीयू प्रोग्रामिंग आणि हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगचं हँड्स-ऑन वर्कशॉप, खाली कुडा, ओपनएमपी, एमपीआय, ओपनएसीसी अशी पॅरलल प्रोग्रामिंगच्या साधनांच्या नावांची रांग, आणि लगेच ज्युनियर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, "ताई, मला फक्त सी येतं, मी जाऊ का?" हो, जा. सी मधले पॉइंटर आणि अ‍ॅरे नीट कळत असतील आणि लिनक्सच्या टर्मिनलवर फाइल उघडून कंपाइल करता येत असेल तर तेवढ्यावर भागतं. पण जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर सगळा वेळ नवीन फंक्शनची नावं लिहून घेण्यातच जाईल. जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवरच्या चिपवर, गणित करणं स्वस्त असतं, महाग पडतं ते डेटा इकडून तिकडे नेणं. बाकी वर्कशॉपमध्ये जे काही शिकवतात ते फिरून फिरून इथेच येतं.

आधी थोडं पुण्याबद्दल, कारण हे इथे एवढं का चालतं ते माहीत असलेलं बरं. सीडॅक ही सुपरकॉम्प्युटर बनवणारी सरकारी संस्था १९८८ ला पुण्यात सुरू झाली, त्या काळात अमेरिकेकडून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळत नव्हता, आणि डॉ. विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यात एक भलामोठा प्रोसेसर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिप्स एकमेकींना जोडून त्यांच्यात काम वाटलेलं होतं. म्हणजे मशीनच पॅरलल, आणि अशा मशीनवर जुना सरळसोट प्रोग्राम आणून टाकला तर तो एकाच चिपवर चालत बसतो, बाकीच्या नुसत्या बघत राहतात. त्यामुळे मशीन बनवणाऱ्यांनाच लोकांना शिकवायलाही लागलं, आणि ते शिकवणं तेव्हापासून चालूच आहे. पुढे २००७ मध्ये टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' नावाचा पुण्यातलाच सुपरकॉम्प्युटर जगातल्या सगळ्यात वेगवान मशीनच्या टॉप ५०० यादीत चौथा आला होता, ही गोष्ट आजच्या किती पोरांना माहीत असेल देव जाणे. २०१५ मध्ये नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं, त्यात मशीन बसवण्याबरोबर माणसं तयार करणं हेही काम धरलेलं आहे. २०२० मध्ये सीडॅकचा परम सिद्धी-एआय त्याच टॉप ५०० यादीत ६३ वा होता, आणि त्याची जवळपास सगळी ताकद एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूंमध्ये होती. म्हणजे मशीन शहरात आहेत, पण ती नीट पळवू शकणारी माणसं कमी पडतात, हे माझं सरळ मत आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या लॅपटॉपच्या सीपीयूमध्ये ८ किंवा १६ कोअर असतात आणि प्रत्येक कोअर भारी हुशार असतो, पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो, मोठा कॅश म्हणजे हाताशी असलेली वेगवान मेमरी बाळगतो, एकामागून एक येणारं गुंतागुंतीचं काम पटापट उरकतो. ए१०० मध्ये मात्र ६९१२ छोटे कोअर आहेत, आणि ते सुटे सुटे नसतात, १०८ गटांमध्ये बसवलेले असतात, या गटाला एसएम म्हणतात. तुम्ही लाखो थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी छोटी कामं, सोडता, पण जीपीयू ते ३२-३२ च्या टोळीने चालवतो, त्या टोळीला वॉर्प म्हणायचं. हे समजायला गणपतीतलं ढोल पथक आठवा, ३२ ढोल आणि टोल एकच, सगळ्यांनी एका वेळी तोच ठोका मारायचा. आता अर्ध्यांना वेगळा ताल वाजवायला सांगितला तर काय होईल, आधी पहिले १६ वाजवणार तेव्हा बाकीचे हात खाली करून उभे, मग दुसरे १६ वाजवणार तेव्हा पहिले उभे. वॉर्पमध्ये अगदी असंच होतं. कोडमध्ये 'जर-नाहीतर' आलं आणि एकाच वॉर्पमधले काही थ्रेड 'जर' मध्ये आणि काही 'नाहीतर' मध्ये गेले की दोन्ही रस्ते एकामागून एक चालवले जातात आणि वेळ वाढतो. याला डायव्हर्जन्स म्हणतात. पूर्ण वॉर्प एकाच रस्त्याने गेला तर मात्र काही नुकसान नाही, ही बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि ते कोडमधला प्रत्येक 'इफ' काढायच्या मागे लागतात.

वर्कशॉपचा पहिला प्रोग्राम जवळपास सगळीकडे एकच असतो, दोन अ‍ॅरेंची बेरीज. ए आणि बी अशा दोन अ‍ॅरे, दोन्हीत १० कोटी आकडे, बेरीज सी या तिसऱ्या अ‍ॅरेत टाकायची. सीपीयूवर एक 'फॉर' लूप लिहिला की झालं. जीपीयूवर तो लूपच नाहीसा होतो, त्याच्या जागी १० कोटी थ्रेड, प्रत्येकाने आपापल्या नंबरची एकच बेरीज करायची. नंबर कसा काढायचा, तर थ्रेड ब्लॉकमध्ये विभागलेले असतात, समजा एका ब्लॉकमध्ये २५६, मग ब्लॉकचा नंबर गुणिले २५६ अधिक ब्लॉकमधला स्वतःचा नंबर. १० कोटीला २५६ ने भागलं तर बरोब्बर ३,९०,६२५ ब्लॉक होतात, बाकी शून्य. पण आकडे १० कोटी एक असते तर आणखी एक अख्खा ब्लॉक लागला असता आणि त्यातले २५५ थ्रेड अ‍ॅरेच्या बाहेर हात घालायला गेले असते, म्हणून प्रत्येक कर्नलच्या, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनच्या, सुरुवातीला 'माझा नंबर एकूण आकड्यांपेक्षा कमी आहे का' हे तपासायचं असतं. ही एक ओळ विसरलात की प्रोग्राम कधी चालतो, कधी पडतो, कधी गुपचूप चुकीचं उत्तर देतो, आणि शोधताना डोक्याला ताप.

प्रोग्राम चालला, उत्तर बरोबर आलं, सगळे खूष. आता घड्याळ लावा. एक आकडा ४ बाइटचा म्हणजे एक अ‍ॅरे ४०० एमबी, तिन्ही मिळून १.२ जीबी. ए१०० ची स्वतःची मेमरी सेकंदाला १५०० जीबीच्या वर डेटा देते, म्हणजे बेरीज एक मिलिसेकंदाच्या आत उरकली. एकदम भारी. पण ए आणि बी होते कुठे, तर सीपीयूच्या रॅममध्ये, तिथून जीपीयूवर जायचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, चौथ्या पिढीच्या रस्त्यावर पिन्ड मेमरी (रॅममध्ये जागच्या जागी अडकवून ठेवलेली मेमरी) वापरून सगळं नीट केलं तरी प्रत्यक्षात सेकंदाला साधारण २५ जीबी धरा. ८०० एमबी न्यायला ३२ मिलिसेकंद, ४०० एमबी परत आणायला १६, एकूण ४८. आणि तीच बेरीज सीपीयूने जागच्या जागी केली असती तर सेकंदाला ४० जीबी देणाऱ्या साध्या रॅमवर ३० मिलिसेकंदांत झाली असती. म्हणजे हजारो कोअरचं कार्ड लावून आपण उलट मागे पडलो! बरेच जण इथे खट्टू होतात. मला मात्र वाटतं की अख्ख्या वर्कशॉपमधला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे आणि शिकवणाऱ्यांनी तो मुद्दाम दाखवला पाहिजे, फक्त कर्नलचा वेळ मोजून "बघा शंभर पट फास्ट" असं सांगून पुढे जाऊ नये, कारण तसं सांगितलं की पोरं घरी जाऊन आपल्या प्रोजेक्टमध्ये तेच करतात आणि काही फरक पडला नाही म्हणून सोडून देतात.

मग जीपीयू घ्यायचा कधी? तोच १० कोटी आकड्यांचा डेटा घ्या, फक्त आता तो १०,००० बाय १०,००० ची मॅट्रिक्स आहे असं समजा आणि बेरजेऐवजी गुणाकार करा. डेटा तेवढाच, १.२ जीबी, न्यायचा-आणायचा वेळ तोच ४८ मिलिसेकंद. पण काम? बेरजेत १० कोटी क्रिया होत्या, गुणाकारात २ लाख कोटी, म्हणजे वीस हजार पट. ए१०० ची साध्या ४ बाइटच्या आकड्यांवर कागदावरची कमाल ताकद सेकंदाला १९.५ लाख कोटी क्रिया आहे, म्हणजे चांगली लायब्ररी वापरली तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास काम होतं, आणि लॅपटॉपला याच कामाला काही सेकंद लागतात. इथे ४८ मिलिसेकंदांचं भाडं परवडतं. एकदा आणलेल्या आकड्यावर किती वेळा काम करता, हा हिशोब जमला की जीपीयू वसूल. न्यूरल नेटवर्कचं ट्रेनिंग जीपीयूवर एवढं चालतं त्याचं कारण हेच, आत बघितलं तर बहुतेक मॅट्रिक्सचे गुणाकारच आहेत.

यात अजून एक पायरी असते जिथे मला वाटतं थोडं थांबायला हवं, डेटा जीपीयूच्या मेमरीत पोचला तरी तो कसा वाचता यावरही बरंच अवलंबून असतं. वॉर्पमधल्या ३२ थ्रेडनी शेजारशेजारचे ३२ आकडे मागितले तर १२८ बाइट, आणि ते एका झटक्यात येतात. पण तुम्ही मॅट्रिक्स उभी वाचायला घेतली, म्हणजे प्रत्येक थ्रेड एका वेगळ्या ओळीतला आकडा मागतोय, तर ते ३२ आकडे मेमरीत एकमेकांपासून लांब लांब पडलेले असतात, आणि मेमरीतून ३२ बाइटपेक्षा छोटा तुकडा उचलताच येत नाही, म्हणजे ४ बाइटसाठी ३२ बाइट, एकूण १२८ च्या जागी १०२४ बाइट ओढले आणि त्यातले सात अष्टमांश फुकट. कोडमध्ये फरक केवढा, तर ओळ आणि स्तंभ मोजणाऱ्या आय आणि जे ची अदलाबदल. यावर उपाय म्हणून शेअर्ड मेमरी असते, प्रत्येक एसएमच्या आत असलेली छोटीशी पण फार वेगवान जागा, मॅट्रिक्सचा चौकोनी तुकडा आधी सरळ वाचून तिथे ठेवायचा आणि मग तिथून उभा-आडवा कसाही वापरायचा. मॅट्रिक्स ट्रान्सपोजचा सराव बऱ्याच वर्कशॉपमध्ये असतो तो यासाठीच, त्या वेळी चहाला उठू नका.

आपलं स्वतःचं कोड घेऊन जा, हे मी प्रत्येकाला सांगते. शिकवणारे देतात ती उदाहरणं धुऊन-पुसून ठेवलेली असतात, खरं शिक्षण आपल्याच गबाळ्या कोडवर होतं. अशाच एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिकलची एक मुलगी धातूच्या पट्टीत उष्णता कशी पसरते त्याचं सिम्युलेशन घेऊन आली होती, तिने कर्नल अगदी व्यवस्थित लिहिला होता आणि तरी सीपीयूपेक्षा हळू चालत होता, आता या कर्नलमध्ये आणखी काय सुधारायचं तेच तिला कळेना. आम्ही एनसाइट सिस्टिम्स हा प्रोफाइलर लावला, त्यात वेळेची आडवी पट्टी दिसते, कुठल्या क्षणी कर्नल चालतोय आणि कुठल्या क्षणी कॉपी चालू आहे ते वेगवेगळ्या रंगात, आणि पट्टीवर कर्नल म्हणजे नुसत्या बारीक रेघा, मधलं सगळं कॉपीने भरलेलं. ती प्रत्येक टाइम-स्टेपला अख्खी ग्रिड जीपीयूवर नेत होती आणि परत आणत होती, कारण स्टेपचा लूप सीपीयूवर होता आणि कॉपीच्या दोन ओळी त्याच्या आत राहिल्या होत्या. त्या दोन ओळी लूपच्या बाहेर काढल्या, मधे फक्त दोन अ‍ॅरेंच्या पॉइंटरची अदलाबदल ठेवली, आणि तोच कर्नल एका अक्षराचाही बदल न करता पळायला लागला. "एवढंच होतं होय!" असं ती म्हणाली तेव्हा शेजारच्या दोघांनी आपापल्या कोडमध्ये तेच शोधायला सुरुवात केली.

प्रोफाइलर आधी लावायचं आणखी एक कारण म्हणजे अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा आहे पण आजही कोणाला सुटलेला नाही. तुमचा प्रोग्राम १०० मिनिटं चालतो आणि त्यातला ९० मिनिटांचा भाग पॅरलल करता येतो असं धरा. जगातला सगळ्यात मोठा सुपरकॉम्प्युटर आणून ती ९० मिनिटं शून्यावर आणली तरी उरलेली १० मिनिटं जात नाहीत, म्हणजे दहा पटीच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. त्यामुळे आधी वेळ कुठे जातोय ते बघायचं. कित्येकदा तो फाइल वाचण्यात किंवा लिहिण्यात जात असतो आणि तिथे जीपीयू काही करू शकत नाही.

उत्तर जुळत नाही ही दुसरी मोठी तक्रार. सीपीयूवर एक बेरीज, जीपीयूवर शेवटचे आकडे वेगळे, मग "जीपीयू चुकतोय" असं म्हणतात. यावर एक प्रयोग करून बघा, १० कोटी वेळा १ मिळवायचे, बेरीज ४ बाइटच्या फ्लोटमध्ये, साध्या एकेरी लूपने आणि कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून. उत्तर १० कोटी यायला हवं, येतं १,६७,७७,२१६. त्या फ्लोटमध्ये नेमकेपणाला २४ बिट असतात, बेरीज २ चा २४ वा घात झाली की त्यात १ मिळवलेला दिसतच नाही आणि आकडा तिथेच अडकून राहतो. जीपीयूवर हीच बेरीज रिडक्शनने करतात, आधी जोड्याजोड्यांची, मग त्या बेरजांच्या जोड्यांची, असं वर वर जात, आणि तिथे उत्तर बरोबर १० कोटी येतं. म्हणजे इथे चूक सीपीयूच्या पद्धतीत होती! फ्लोटच्या बेरजेत क्रम बदलला की उत्तर किंचित बदलतं, त्यामुळे तपासताना दोन उत्तरं तंतोतंत सारखी आहेत का असं विचारू नका, फरक किती चालेल ते आधी ठरवा. पण खरी चूक वेगळी असते, दोन थ्रेड एकाच वेळी एकाच जागी लिहायला गेले आणि एकाचं लिहिणं वाया गेलं, ती रेस कंडिशन. ओळखायची खूण म्हणजे प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला की उत्तर बऱ्यापैकी उड्या मारतं. त्यासाठी अ‍ॅटॉमिक क्रिया असतात, म्हणजे त्या जागी एका वेळी एकच थ्रेड लिहितो, पण लाखो थ्रेडना एकाच जागेसाठी अ‍ॅटॉमिकवर उभं केलंत तर परत सगळे एका रांगेत.

ओपनएमपी आणि एमपीआय यांच्यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ओपनएमपी एका मशीनच्या आत, सगळे थ्रेड एकाच मेमरीकडे बघतात, लूपच्या डोक्यावर एक सूचना लिहिली की काम वाटलं जातं. एमपीआय अनेक मशीनसाठी, प्रत्येकाची मेमरी वेगळी, दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर निरोप पाठवून मागवायचं. आणि ओपनएसीसी म्हणजे ओपनएमपीसारख्याच सूचना पण जीपीयूसाठी, जुनं फोरट्रान कोड हाताशी असणाऱ्यांनी तर आधी हेच शिकावं असं मी म्हणेन. पायथॉनवाल्यांना क्युपाय आणि नंबा आहेत. यातलं काहीही वापरा, डेटा कुठे आहे हा प्रश्न सुटत नाही.

हवामानाचं उदाहरण घ्या, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ पासून अर्का नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, ११.७७ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी क्रिया), आणि तिथेच तयार झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे ६ किलोमीटरच्या ग्रिडवर अंदाज काढणारं मॉडेल २०२५ मध्ये देशाला मिळालं. आधी ग्रिड १२ किलोमीटरची होती. ऐकायला निम्मी केली एवढंच वाटतं, पण लांबी निम्मी, रुंदी निम्मी म्हणजे चौपट चौकोन, आणि चौकोन लहान झाले की टाइम-स्टेपही साधारण निम्मी घ्यावी लागते, म्हणजे काम आठ पटीच्या घरात. अशी मॉडेल चालवताना पृथ्वीचा नकाशा तुकडे करून हजारो प्रोसेसमध्ये वाटतात, आणि तुकड्याच्या कडेला असलेल्या चौकोनाला शेजारच्या तुकड्यातला वारा, दाब, आर्द्रता लागते, मग प्रत्येक स्टेपला कडेकडेचे आकडे एकमेकांना पाठवायचे. तुकडे जितके लहान कराल तितकं आतलं काम कमी होतं पण कडा त्या प्रमाणात कमी होत नाहीत, त्यामुळे एका मर्यादेनंतर मशीन वाढवली तरी सगळा वेळ निरोपांतच जातो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, तिथे दर दोन डिशचे सिग्नल एकमेकांशी जुळवावे लागतात, ३० डिशच्या जोड्या होतात ४३५, आणि हे काम सिग्नल येत असतानाच करायचं, मागे पडून चालत नाही. अपग्रेड झाल्यावर हे काम तिथे जीपीयूवर चालतं, कारण एकदा आलेला डेटा इतक्या जोड्यांमध्ये पुन्हा पुन्हा वापरला जातो.

आता तयारीचं. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनवर, एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडायची सोय) लॉगिन करता तेव्हा तुम्ही ज्या मशीनवर उतरता ते लॉगिन नोड असतं, तिथे प्रोग्राम चालवायचा नसतो, फक्त लिहायचा आणि कंपाइल करायचा, चालवायचं ते स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत जॉब टाकून. पहिल्या दिवशी हमखास कोणीतरी लॉगिन नोडवरच मोठा प्रोग्राम सोडतं आणि सगळ्यांचं टर्मिनल गोठतं. व्हीआय किंवा नॅनोपैकी एक एडिटर आधीच हाताखालून घालवा. घरी जीपीयू नसेल तर गुगल कोलॅबवर फुकटात बहुतेक वेळा एनव्हिडियाचं टी४ कार्ड मिळतं, बेरजेचा आणि मॅट्रिक्सचा प्रयोग तिथेही होतो, आकडे वेगळे येतील पण गोष्ट तीच दिसेल. वर्कशॉप निवडताना वेळापत्रक बघा, निम्म्याहून जास्त वेळ स्लाइड असतील तर दुसरं शोधा, आणि प्रोफाइलरला वेगळं सत्र नसेल तर आयोजकांना मेल करून विचारा, विचारायला लाजू नका. शेवटच्या दिवशी आपला जॉब स्क्रिप्ट, कुठली मॉड्यूल लोड केली त्याची नोंद, कंपाइलची पूर्ण ओळ आणि प्रोफाइलरच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा मेलवर घ्या, कारण वर्कशॉप संपलं की दिलेलं अकाउंट सहसा बंद होतं आणि मग कोड असूनही तो कसा चालवला होता ते आठवत नाही.